उघड्या छपराची मोटार आणि एमआयडीसीचा रस्ता

अंबरनाथ / प्रतिनिधी

हिंदी चित्रपटांनी भारतीय मनात ज्या काही मोटारी कायमच्या उभ्या केल्या, त्यांत उघड्या छपराच्या मोटारीचा मान मोठा आहे. डोंगरातला वळणदार रस्ता, नायकाचे उडणारे केस आणि नायिकेची वाऱ्यावर लहरणारी ओढणी, हे चित्र तीन पिढ्यांच्या परिचयाचे आहे. मात्र पडद्यावरची ही मोटार कधी नेवाळी नाक्यावर टँकरच्या मागे पाऊण तास उभी राहत नाही, तिच्या पुढ्यात कधी खडीचा डंपर रिकामा होत नाही आणि जुलैच्या सरीत तिचे छप्पर मिटेनासेही होत नाही. प्रत्यक्षात अशी मोटार घेऊन रोज कामावर जायचे ठरवले तर काय होईल?

हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये एमजीने सायबरस्टर ही विजेवर चालणारी, दोन आसनांची, उघडणाऱ्या छपराची मोटार भारतात आणली. तिची जाहीर किंमत होती ७४ लाख ९९ हजार रुपये. बीएमडब्ल्यूची झेड-४ त्याआधीपासून येथे विकली जात होती. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात उद्योजकांची दुसरी-तिसरी पिढी कारखाने सांभाळू लागली आहे. महागड्या मोटारी या रस्त्यांना नवीन नाहीत. तेव्हा बदलापुरात राहणाऱ्या आणि आनंदनगर एमआयडीसीत कारखाना असलेल्या एखाद्या उद्योजकाने अशी मोटार रोजच्या वापरासाठी घेतली, तर त्याच्या वाट्याला नेमके काय येईल, याचा हा लेखाजोखा.

आधी उघडी, मग बंद

मोटारीला छप्पर असणे ही मुळात नंतरची सोय आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतांश मोटारी उघड्याच असत. घोडागाडीप्रमाणेच त्यांना वरून ओढून घेण्याचे कापडी हूड असे. पत्र्याचा बंद सांगाडा बनवणे महाग होते. दाबयंत्रावर पत्रा घडवण्याचे तंत्र स्वस्त झाले तसे चित्र पालटले. अमेरिकेत १९१९ साली बहुसंख्य मोटारी उघड्या होत्या, तर १९२९ पर्यंत बहुसंख्य बंद झाल्या होत्या. पाऊस, धूळ आणि थंडी यांपासून बचाव हवा, असे ग्राहकाने ठरवले आणि उघडी मोटार रोजच्या गरजेतून हौसेच्या यादीत गेली.

या हौसेला दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कंपन्यांनी आकार दिला. लहान, हलकी, दोन आसनांची आणि सामान्य मोटारीच्या सुट्या भागांतून बनलेली ही ‘रोडस्टर’ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे सुरक्षेचे नियम कडक झाले, गळक्या छपरांना लोक कंटाळले आणि सत्तरच्या दशकाअखेर ही जात नामशेष होण्याच्या मार्गाला लागली. तिला पुन्हा जीवदान दिले ते जपानच्या माझदा कंपनीने. १९८९ मध्ये आलेल्या एमएक्स-५ या मोटारीने जुन्या ब्रिटिश मोटारीचा आनंद कायम ठेवला, पण रोज सकाळी हमखास सुरू होण्याची खात्रीही दिली. २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. उघडी मोटार रोज वापरता येते, हे जगाला पटवणारी मोटार हीच. दुर्दैवाने भारतात ती अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही.

गोव्याचे ‘वादळ’

भारतात असा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नाही. नव्वदच्या दशकाअखेर सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी मोटार बाजारात आणली आणि तिची निर्मिती आपल्या शेजारी, गोव्यात झाली. फायबरचा हलका सांगाडा, रेनॉ कंपनीचे ११४९ सीसीचे इंजिन आणि सुमारे ६० अश्वशक्ती असे तिचे स्वरूप होते. वेगापेक्षा मौजेवर भर देणारी, पार्किंगला सोपी आणि देखभालीला फारशी अवघड नसलेली अशी ही मोटार होती. दैनंदिन वापराच्या उघड्या मोटारीची भारतीय व्याख्या कुणी करू पाहिली असेल, तर ती या मोटारीने.

तिची वेळ मात्र चुकली. १९९८ हे वर्ष सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका यांचे होते. मारुती-८०० मधून बाहेर पडू पाहणाऱ्या भारतीय कुटुंबाला आई-वडील, दोन मुले आणि गावाहून आणलेले तांदळाचे पोते, एवढे सारे सामावणारी मोटार हवी होती. त्या काळात दोन आसनांवर काही लाख रुपये खर्च करणारे ग्राहक मोजकेच निघाले आणि ‘स्टॉर्म’ची विक्रीही मोजकीच राहिली. त्यानंतर २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात झळकलेली डीसी अवंती दोन आसनांची होती खरी, पण तिचे छप्पर पक्के होते. सर्वसामान्यांच्या वाट्याला उघडी गाडी आली ती मारुती जिप्सी आणि महिंद्रच्या जीप व थार यांच्या रूपाने. त्यांची उंची भरपूर आणि चाके मोठी. आपल्या रस्त्यांवर त्या का टिकल्या, याचे उत्तर त्यातच आहे.

गतिरोधकाचे गणित

अंबरनाथच्या रस्त्यावर या मोटारीची पहिली परीक्षा होते ती पोटाखाली. झेड-४ ची जमिनीपासूनची उंची ११४ मिलिमीटर आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर उंच असावा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणाचाही समज होईल, की मोटार जेमतेम सुटेल. प्रत्यक्षात प्रमाणित गतिरोधक तिला फारसा अडत नाही. मानकानुसार त्याची रुंदी ३.७ मीटर असते आणि त्याची चढण १७ मीटर त्रिज्येच्या मंद कमानीची असते. झेड-४ च्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.४७ मीटर. त्यामुळे मोटारीचे पोट माथ्यावर असते तेव्हा चारही चाके गतिरोधकावरच चढलेली असतात आणि माथा चाकांच्या पातळीपेक्षा साडेचार सेंटिमीटरच वर राहतो.

अडचण होते ती अप्रमाणित उंचवट्यांची. कंपनीच्या दारासमोर, शाळेजवळ किंवा गावाच्या वेशीवर एका रात्रीत उभा राहणारा डांबराचा अरुंद उंचवटा चाकांमधील अंतरापेक्षा पुष्कळ कमी रुंद असतो. पुढची चाके उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि त्याची सगळी उंची थेट मोटारीच्या पोटाला लागते. अशा ठिकाणी मोटार तिरकी नेऊन एकेक चाक चढवावे लागते. मागे रिक्षा आणि टेम्पो भोंगे वाजवत असताना ही कसरत रोज दोनदा करण्याची तयारी हवी.

खड्ड्यांचे दुखणे वेगळे आहे. या मोटारींची चाके मोठी, पण टायरची कड अगदी पातळ असते. काटई-बदलापूर मार्गावर अवजड वाहनांनी रस्ता दबून तयार झालेल्या चाकोऱ्या आणि काँक्रीट व डांबर यांच्या सांध्यावरील पायऱ्या यांचा मार थेट रिमवर बसतो. स्टेपनी ठेवायला जागा नसल्याने यांतील बहुतेक मोटारींत ती नसतेच. शिवाय छप्पर हा मोटारीच्या सांगाड्याचा मजबुती देणारा भाग असतो. ते काढल्यावर सांगाडा पिळवटू नये म्हणून तळाला जादा मजबुती द्यावी लागते. तरीही खराब रस्त्यावर काही वर्षे धावल्यावर काचेच्या चौकटीची थरथर आणि छपराच्या सांध्यांची कुरकुर वाढते. बंद मोटारीत न जाणवणारा खडखडाट येथे कानाशी येतो.

छपराची निगा

कापडी छप्पर म्हटले की ताडपत्री डोळ्यांसमोर येते. आताची छपरे मात्र बहुस्तरीय असतात. बाहेर विणलेले कापड, मध्ये पाणी अडवणारा थर आणि आत आवाज व उष्णता रोखणारे अस्तर, अशी त्यांची रचना असते. झेड-४ चे छप्पर सुमारे १० सेकंदांत आणि ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या मोटारीतही उघडते किंवा मिटते. पहिली सर आली म्हणून पुलाखाली धावत जाण्याची वेळ येत नाही. मधल्या काळात पत्र्याच्या घडीच्या छपरांची लाट येऊन गेली. मर्सिडीजने १९९६ मध्ये एसएलके या मोटारीत ते दिले, तर बीएमडब्ल्यूने २००९ च्या झेड-४ मध्ये. पण वजन आणि डिकीतली जागा यांचा हिशेब करून बीएमडब्ल्यू २०१८ मध्ये पुन्हा कापडाकडे वळली.

कापडातून पाणी सहसा गळत नाही. ते शिरते तुंबलेल्या वाटांतून. छपराच्या कडेने वाहणारे पाणी बारीक नळ्यांवाटे मोटारीच्या तळातून बाहेर सोडलेले असते. झाडाखाली मोटार उभी राहिली, की वाळलेली पाने आणि त्यावर एमआयडीसीची धूळ यांचा लगदा या नळ्यांत बसतो. मग पाणी आसनाखाली उतरते आणि तेथील विजेची जोडणी खराब करते. गालिच्याला कुबट वास येऊ लागेपर्यंत हे मालकाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून मे महिन्यात घराची कौले किंवा गच्चीचे पन्हाळे साफ करतात, तशाच या नळ्या साफ करून घ्याव्या लागतात. ओले छप्पर घडी करून ठेवले तर बुरशी धरते. धुलाई केंद्रातील फिरत्या ब्रशांखाली ते नेऊ नये, मऊ ब्रशाने हाताने धुवावे. मांजरांची नखे आणि कावळ्यांची विष्ठा हे त्याचे रोजचे शत्रू. उघड्या पार्किंगच्या इमारतीत राहणाऱ्याने हा विचार सोडून दिलेलाच बरा.

पावसाळ्यात दुसरा धोका रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याचा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, ही घटना या भागात कुणी विसरलेले नाही. रेल्वेगाडी अडते तेथे ११४ मिलिमीटर उंचीच्या मोटारीची कथा काय! सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते. पण पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर त्यासाठी ‘इंजिन संरक्षण’ हे वेगळे कलम घेतलेले असावे लागते.

हवा कुणाची?

खड्डे, पाऊस आणि पार्किंग यांवर पैसा खर्चून काही ना काही मार्ग निघतो. हवेवर तसा निघत नाही आणि अंबरनाथमध्ये खरा प्रश्न तोच आहे.

या पट्ट्यात मोरिवली, चिखलोली, आनंदनगर आणि बदलापूर अशा औद्योगिक वसाहती एकमेकींना जवळजवळ लागून आहेत. रसायनांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली भागात रासायनिक वायूची गळती होऊन रात्रीच्या वेळी रस्त्यांवर धुके पसरल्यासारखे दृश्य होते आणि नागरिकांचे डोळे व घसा चुरचुरत होता. अशा वेळी बंद मोटारीतील माणूस काचा वर करतो, आतलीच हवा फिरवत ठेवतो आणि गाळणीच्या भरवशावर पुढे निघून जातो. छप्पर उघडे असेल तर मोटारीतील गाळणी निरुपयोगी ठरते.

त्यात बसण्याची उंचीही विचारात घ्यावी लागते. झेड-४ ची एकूण उंची १.३ मीटर आहे. म्हणजे चालकाचे डोके त्याहूनही खाली. कंटेनरच्या शेजारी ही मोटार उभी राहते तेव्हा चालकाच्या डोळ्यांसमोर असते ते ट्रकचे चाक. धूर सोडणारी नळीही फार लांब नसते. ट्रकचालकाला आपल्या डाव्या पुढच्या कोपऱ्यातील इतकी बुटकी मोटार दिसणेही अवघड. त्यामुळे नेवाळी, खोणी किंवा शीळफाटा येथे अवजड वाहनांच्या डावीकडून पुढे जाण्याचा मोह कटाक्षाने टाळायला हवा.

सर्वांत मोठी विसंगती ऋतुमानाची आहे. उघड्या मोटारीचा आनंद घ्यावा असे हवामान आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच. मार्चपासून ऊन चढते, एप्रिल-मेमध्ये बदलापूर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनपासून पाऊस. पण हिवाळ्याच्या पहाटे वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार असल्याने धूर व वायू वर न जाता खालीच कोंडून राहतात. याउलट पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि सरी हवा धुऊन काढतात. थोडक्यात, हवा स्वच्छ असते तेव्हा छप्पर मिटावे लागते आणि छप्पर उघडावेसे वाटते तेव्हा हवा सर्वांत वाईट असते. लंडन किंवा कॅलिफोर्नियातील अनुभवांवर आधारलेला सल्ला अंबरनाथमध्ये तोकडा पडतो तो यामुळेच.

दोघांचे घर, दोघांची मोटार

दोन आसनांची अडचण जेवढी वाटते तेवढी नाही. या पट्ट्यात सकाळी कामावर निघालेल्या मोटारींत बहुधा एकच माणूस असतो. झेड-४ ची डिकी २८१ लिटरची, म्हणजे एखाद्या स्विफ्टच्या तोडीची आहे. जेवणाचा डबा, लॅपटॉप आणि कारखान्यातले नमुने सहज मावतात. अडचण येते ती संध्याकाळी. मुलाला शिकवणीहून आणायचे आणि त्याच वेळी आजींना डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तर एकाने रिक्षा करावी. शिवाय गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना इतक्या खालच्या आसनात बसणे जमते, पण उठणे जमत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा किंवा बाल-आसन आवश्यक आहे. पाठमोरे बाल-आसन पुढच्या सीटवर बसवायचे तर त्या बाजूची एअरबॅग बंद करावी लागते. ही सोय मोटारीत आहे का, हे आधीच पाहावे. तात्पर्य, ही घरातील एकमेव मोटार होऊ शकत नाही.

खर्चाबाबत नव्या बदलांनी एक वेगळा कल दाखवला आहे. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर विजेवरील मोटारींवर ५ टक्के. उघड्या मोटारींची पेट्रोलवरील घराणीही एकेक करून आटोपती घेत आहेत. मर्सिडीजची एसएलसी २०२० मध्ये बंद झाली, ऑडीची टीटी २०२३ मध्ये. झेड-४ चे उत्पादन थांबवण्याचेही कंपनीने ठरवले आहे. म्हणजे पुढे सुट्या भागांचा प्रश्न येणार. विजेच्या मोटारीबाबत एक गमतीचा योगायोग सांगायला हवा. सायबरस्टर एका चार्जिंगमध्ये ५८० किलोमीटर धावते, हा कंपनीचा दावा ‘एमआयडीसी’ पद्धतीने मोजलेला आहे. ही एमआयडीसी म्हणजे अंबरनाथची औद्योगिक वसाहत नव्हे, तर मोटारींच्या चाचणीसाठी ठरवलेले भारतीय वाहनचालनाचे सुधारित चक्र. प्रयोगशाळेतील एमआयडीसीत खड्डे नसतात. बाहेरच्या एमआयडीसीत हा आकडा कमीच मिळेल.

मग घ्यावी का?

अंबरनाथ एमआयडीसीत उघड्या छपराची मोटार रोज वापरता येते, पण छप्पर मिटलेली मोटार म्हणून. छप्पर उघडण्याचे दिवस वर्षातून थोडे, त्यातही रविवारचे. बदलापूरहून बारवी धरणाच्या झाडीतून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारा रस्ता पाऊस ओसरल्यावर सकाळी निघून गाठला, तर या मोटारीवर खर्चलेल्या पैशांचे चीज होते. सोमवारी मात्र तीच मोटार छप्पर मिटून टँकरच्या मागे रांगेत उभी असते. हे मान्य असेल त्याने ती जरूर घ्यावी. बंद पार्किंग, घरात दुसरी मोटार, पावसाळ्यापूर्वी नळ्यांची सफाई, इंजिन संरक्षणाचा विमा आणि उंचवटे दिसताच वेग कमी करण्याचा संयम, या पाच गोष्टींची तयारी आधी करावी.

या हिशेबात एक बाब उरतेच. सत्तर-नव्वद लाखांच्या मोटारीतील माणसाला हवा खराब वाटली, तर तो बटण दाबून दहा सेकंदांत छप्पर मिटू शकतो. त्याच्या शेजारी सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवरील कामगाराला ती सोय नाही. पाळी संपवून घरी निघालेल्या या हजारो कामगारांचा प्रवास बाराही महिने उघड्यावरचाच असतो. तेच टँकर, तोच धूर, तेच खड्डे आणि तीच हिवाळी पहाटेची कोंडलेली हवा. उघड्या छपराची मोटार या रस्त्यावर चालवणे अवघड का, याची जी कारणे वर आली, त्यांतील जवळजवळ प्रत्येक कारण या दुचाकीस्वाराला अधिक तीव्रतेने लागू होते. रस्ता सुधारला, उंचवटे मानकाप्रमाणे झाले आणि कारखान्यांच्या धुरांड्यांवर व सांडपाण्यावर रात्रीही देखरेख राहिली, तर मोटारीचे छप्पर अधिक दिवस उघडे राहील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांना छप्परच नाही, त्यांनाही मोकळा श्वास घेता येईल.